ब्रेकची वायरच होती, कौसा

स्विच नव्हता. ब्रेकची वायरच होती. तू उघडून ठेवलेल्या मशीनमध्ये मी कोपरापर्यंत हात घातला, वायर बाहेर ओढली आणि उजेडात धरून पाहिली. तिचे सगळे पदर सुटले होते, एका तारेवर लोंबत होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आक्का, ते बी असंल आन् स्विच बी असंल." हरायला लागलीस की अर्धं अर्धं करायची तुझी सवय. या वेळी अर्धं मिळायचं नाही. माझं पूर्ण खरं निघालं.

हे तोंडावर ऐकायला तू थांबली नाहीस. दुपारी जेवलीस, भिंतीला टेकलीस आणि बसल्या जागी गेलीस. मशीन ओसरीवर उघडी, स्क्रू वाटीत, आणि आपलं भांडण अर्धं. लोक म्हणतात, भाग्याचं मरण आलं. असेल. पण भांडण संपवून जायला काय धाड भरली होती?

दत्तानं ती मशीन आणली तेव्हा तू गावभर सांगितलंस, पोरानं आईसाठी कपडे धुवायची मशीन आणली. पण तिच्यात कपडे काही धुतले गेले नाहीत. मशीनला दोन भांडी, एक धुवायचं आणि एक पिळून काढायचं, म्हणजे ड्रायर. धुवायच्या भांड्यात तू कांदे ठेवलेस. "मळ दगडावरच निघतो, आन् ही बया पानी लई पिती," म्हणालीस. दगडावर धुवायचं आणि ड्रायरमध्ये टाकायचं. तुला हवा होता तो ड्रायर.

का हवा होता ते मला कुणी सांगायला नको. आपण दोघी जावा नवऱ्यांबरोबर ऊसतोडीला गेलतो, एकाच टोळीत. कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या, बाहेर दोरीवर टाकलेलं लुगडं संध्याकाळी दमट असायचं आणि सकाळी दहिवरानं पुन्हा ओलं. तेच नेसून फडात शिरायचं. उसाची पहिली पेंडी बांधेपर्यंत दात वाजायचे. तू म्हणायचीस, वाळलेलं लुगडं नेसायला मिळालं तर मी दुप्पट ऊस तोडीन. मिळालं असतं तरी तू तोडला नसतास ते सोड.

ड्रायरमधून पहिलं लुगडं निघालं तेव्हा तू ते गालाला लावलंस.

"आक्का, हे तवा पायजे होतं."

"तवा कोपीत लाईट कुठं होती?"

"मी मशीनचं म्हनते, तुमी लाईटचं काढता. तुमच्याशी बोलायची सोय न्हाई."

मग दिवसभर घरातलं जे दिसेल ते तू त्यात टाकलंस. पायपुसणी, दत्ताची टोपी, पिठाची पिशवी. कोरडे कपडे पुन्हा ओले करून टाकलेस. मनीषा, तुझी सून, "आत्या, बास की" म्हणत डोक्याला हात लावून बसली. मी कुंपणापलीकडून पाहत होते आणि हसत होते. तू पाहिलंस आणि हाक मारलीस, "पलीकडून काय हासता, हिकडं या की!" मी आले नाही.

वाटणी झाली तेव्हा आपल्या एका अंगणाची दोन अंगणं झाली आणि मधे बाभळीच्या फांद्या आल्या. भांडले ते दोघं भाऊ. तुझं माझं काही वाकडं नव्हतं. पण मी काम असल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात जात नाही. नुसतं बसायला जाणं मला जमत नाही. बसलं की उठायचं कधी ते कळत नाही, आणि यजमानीण मनातून भाकरी थापायच्या घाईत असते. पुढं दोघं भाऊ गेले, फांद्या वाळवीनं खाल्ल्या, जायला वाट झाली. माझी रीत तीच राहिली. पोरं माझी पुण्याकडं. मी आणि माझी शेळी.

मग तुझी मशीन बिघडायला लागली.

"आक्का, वो आक्का! बंद पडली!"

मी पेचकस घेऊन यायची. दारात कुणी विचारलं तर हातातला पेचकस दिसायचा, म्हणजे कामाला आले. मशीनची कामं मला येतात याचं तुला नवल वाटायचं. नवल कसलं. आमचे घरचे विहिरीवरची मोटर खोलायचे तेव्हा शेजारी बॅटरी धरून मीच उभी असायची. ते शिव्या देत एकच स्क्रू बघायचे, मला सगळी मोटर दिसायची.

गव्हाचं मी कुठंही सांगितलं नाही. आता सांगते, तू ऐकून घे. शेवयांसाठी तू गहू धुतलेस. ते अर्धवट वाळवायचे असतात, दमट ठेवायचे असतात, आणि त्या दिवशी ऊन लपंडाव खेळत होतं. तू गहू उशीच्या जुन्या अभ्र्यात घातलेस, गाठ मारलीस आणि ड्रायर लावलास. पहिली खेप झकास निघाली. तुझ्या अंगात आलं. दुसऱ्या खेपेला गाठ सुटली. गारांचा मार बसावा तसा आवाज आला, मी माझ्या चुलीपाशी ऐकला. तू वरचे गहू वेचलेस, कडेवरून खाली मोटरकडे गेलेले तसेच राहू दिलेस आणि कुणाला बोलली नाहीस. पुढं मशीन अडखळायला लागली, वास मारायला लागली, आणि एका सकाळी पाणी जायच्या नळीतून हिरवे कोंब बाहेर आले.

"आक्का! मशीनला गहू उगावला!"

तुला दुःख झालं असेल असं कुणालाही वाटेल. तू टाळ्या वाजवत होतीस. त्या वेळी दत्तानं तालुक्याहून मेकॅनिक आणला होता. त्यानं मागचं झाकण काढलं, आत पाहिलं, मग तुझ्याकडं पाहिलं.

"आजी, ह्याच्यात काय पेरलंय?"

"दिसंना का तुला? बागायती हाय."

तो बिचारा हसता हसता खाली बसला. हसून झाल्यावर म्हणाला, ही साफ करण्यापेक्षा नवी घ्या, आणि चहा पिऊन गेला. मग आपणच भांडं उचलून काढलं, खालचा लगदा खरवडला, कोंब माझ्या शेळीनं खाल्ले. अख्खा दिवस गेला. तू सारखी म्हणत होतीस, पुढच्या साली हरभरा टाकू.

आता मुद्द्याचं. या खेपेला ड्रायर फिरेना. चावीचं बटण फिरवलं की नुसती घुंई करायची आणि भांडं जागचं हलायचं नाही. तू झाकणावर वरवंटा ठेवलास. फिरली. वरवंटा काढला, थांबली.

"बगा आक्का, दाबलं की फिरती. म्हंजी झाकनातला स्विच गेला."

मी तुला बसवून सांगितलं. झाकण लावलं की दोन कामं होतात. स्विच दाबला जातो आणि करंट मोटरकडे जातो. शिवाय एक वायर ओढली जाते आणि मोटरवर बसलेला ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तो ब्रेक पुन्हा बसतो, कुणाचा हात आत सापडू नये म्हणून. वरवंट्यानं स्विचही दाबला जातो आणि वायरही ताणली जाते. मग दोष कुठला हे कशावरून ओळखायचं? घुंईवरून. घुंई येते म्हणजे करंट पोचतो, म्हणजे स्विच चांगला.

"कसली घुंई? मला तर काय ऐकू येईना."

"तुला लग्नातला बँड ऐकू येत न्हाई."

"माजा डावा कान तेवढा मंद हाय. उजवा खनखनीत हाय. घुंई तुमच्याच कानात हाय, वयानं येती."

दत्तानं मोबाइलवर मशीन दुरुस्तीचा व्हिडिओ लावून दिला. त्यातल्या माणसानं हिंदीतून अगदी माझ्यासारखंच सांगितलं, आधी आवाज ऐका म्हणून. तू त्या माणसाशी पण भांडलीस. "त्याची मशीन येगळी हाय. आन् त्याला गव्हाचं काय माहीत?" शेवटी ठरलं की मशीन उघडायची आणि डोळ्यानं बघायचं. तू स्क्रू काढलेस, वाटीत ठेवलेस आणि म्हणालीस, "आधी जेवून घेऊ आक्का. तुमी बी जेवून या. उपाशी हरलं की लई लागतं."

मी जेवून आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तुला नेलं त्या संध्याकाळी दत्ता ओसरीवर आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. मशीनकडं बघवेना त्याला. म्हणाला, "मोठी आई, दहावा झाला की ही भंगारवाल्याला देऊन टाकतो. आई न्हाई, आता कुनासाठी ठिवायची?"

मशीन त्याची. पण कौसा, मी हिशेब लगेच केला. मशीन गेली की त्या अंगणात माझं काम संपलं. दत्ता आणि मनीषा चांगली आहेत, येत जा म्हणतील. सगळेच म्हणतात. मी जाणार नाही हे मला ठाऊक आहे. उरलेली वर्षं मी पलीकडून तुझ्या ओसरीकडं बघत काढणार. म्हणून ठरवलं की दहाव्याच्या आत ड्रायर फिरला पाहिजे. दहाव्याला सुतक फिटतं, घरातलं एकूण एक कापड पाण्यातून काढावं लागतं, आणि आभाळ तर भाद्रपदाचं, सारखी भुरभुर चाललेली. त्या दिवशी ड्रायर लागणार होता. फिरला तर दत्ता देणार नाही. नाही फिरला तर गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी मशीनपाशी बसले. आता सुतकाच्या घरी बायका भेटायला येतात ते कसं तुला माहीत आहे. अंगणात पाय पडला की गळा काढायचा आणि जी घरची बाई दिसेल तिच्या गळ्यात पडायचं. घरची म्हातारी म्हणून मीच समोर. एकेक "माजी कौसा गं" करत हात पसरून माझ्याकडं यायची, आणि माझे दोन्ही हात ग्रीसनं काळे, पदराला तेल. जवळ आली की थबकायची. पुढं यावं तर लुगडं खराब, मागं जावं तर वाईट दिसतं. मग तिथंच उभं राहून रडायची. मनीषा आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होती. सुतकात हसू नये म्हणतात, पण पोरगी किती दिवस दाबून ठेवणार.

कडा गावाहून तुझी बहीण आली ती मात्र माझ्यावर उखडली.

"सुतकात हे कसले खेळ मांडलेत, आक्का?"

"सुतकात देवाला शिवायचं नसतं. मशीन काय देव हाय?"

ती बसली. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावरून वाकून आत बघायला लागली. मग मोबाइलची बॅटरी लावून माझ्यावर उजेड धरला आणि म्हणाली, "कौसी म्हनत होती, स्विच हाय."

मी हात बाहेर काढला. "तुला कधी म्हनली?"

"रोज फोन करायची की. पाऊसपानी न्हाई, दुखनंखुपनं न्हाई, सारखं तुमचंच. आज आक्का असं म्हनली, आज आक्का तसं म्हनली. जिंकनार मीच, म्हनली."

तुझ्या बहिणीपुढं रडायला मला वेळ नव्हता. पुन्हा हात घातला. तेव्हाच बोटाला ती वायर लागली. ओढली, बाहेर काढली, तिला दाखवली. तुझी बहीण साक्षीला आहे. तिनं वायर उलटीसुलटी करून पाहिली आणि काय म्हणावं? "आसंल. पर स्विच बी बगून घ्या." एकाच पोटची तुम्ही दोघी.

या मशीनची वायर आता मिळत नाही. मी तलवाड्याला गेले, बाजारात सायकलच्या दुकानात. सायकलच्या ब्रेकची वायर मागितली.

"आजी, सायकल शिकाय लागल्या का?"

"तुजं दुकान चालावं म्हनून शिकतीया. मापाची दे."

वायर जाड निघाली. भोकातून जाईना. टोकाचे काही पदर मी पक्कडीनं कापले, बाकीचे वळून ओवले, झाकणाच्या खालच्या हुकाला बांधले. ताण जास्त झाला तर ब्रेक बसायचाच नाही आणि उघडल्यावर भांडं फिरतच राहणार. कमी झाला तर पहिलंच दुखणं. सैल कर, आवळ, सैल कर, आवळ. हे मी एकटीनं केलं. तू असतीस तर शेजारी बसून तू नुसती चुकीची मापं सांगितली असतीस, आणि काम निम्म्या वेळात झालं असतं. असं का होतं ते मला कळत नाही.

दहाव्याला भावकीतल्या बायका दगडावर धुणं घेऊन बसल्या. घरातल्या चादरी, पडदे, वाकळा, माझ्या घरच्याही. भुरभुर चालूच. भंगारवाला दत्तानं बोलावलेला होता, तो बाहेर गाडा लावून तंबाखू मळत उभा. मी पिळलेल्या चादरी भांड्यात दाबून बसवल्या, झाकण लावलं, बटण फिरवलं.

घुंई आली.

मग नुसती घुंई राहिली नाही. भांडं हललं, रेंगाळलं, आणि एकदम सुटलं. आणि मी चादरी एकाच बाजूला बसवल्या होत्या. मशीन ओसरीवरून नाचत निघाली. एका बाईनं बादली उचलली, दुसरी किंचाळली, मनीषानं पळत येऊन मशीनला मिठी मारली आणि तीही तिच्याबरोबर थरथरत पुढं सरकायला लागली. "मोठी आई ऽऽ ऽऽ" असं तिचं तोंडही थरथरत होतं. मी झाकण उघडलं. भांडं थांबलं. ब्रेकही बसतोय, हे सगळ्यांनी पाहिलं. भटजींसकट सगळे हसत होते. दहाव्याच्या घरी इतकं हसू मी कधी ऐकलं नाही. तुझ्या दहाव्याला ते शोभलं.

दत्ता हसला नाही. तो आत गेला आणि तुझं निळं लुगडं घेऊन आला, दोरीवरचं, मरायच्या आदल्या दिवशी नेसलेलं. स्वतः धुतलं त्यानं, दगडावर, बायकांमध्ये बसून. स्वतःच भांड्यात नीट गोल बसवलं. नळीतून पाणी गेलं ते बघत उभा राहिला. लुगडं जवळजवळ वाळलेलं निघालं. मग बाहेर जाऊन त्यानं भंगारवाल्याला जुने पत्र्याचे डबे दिले आणि वाटेला लावलं.

मी जिंकले, कौसा. तुझ्याशी आणि दत्ताशी, दोघांशी जिंकले.

पाहुणे गेले. मी माझ्या घरी आले, शेळीला पाला टाकला, बसले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी मूर्ख आहे. मशीन वाचवली, पण चांगली चालणारी मशीन बघायला कोण कुणाला बोलावतं? वायर अशी बसवली होती की माझ्यानंतरही टिकेल. माझं काम मीच संपवून आले होते. दिवस गेले. पलीकडून ड्रायरचा आवाज यायचा, गोल, सुरेख, बिनतक्रार. मी ऐकत बसायची आणि मनातल्या मनात माझ्याच हाताला शिव्या द्यायची.

मग एका दुपारी मनीषा कुंपणाच्या वाटेवर येऊन ओरडली.

"मोठी आई, वो मोठी आई! बंद पडली!"

मी पेचकस घेतला. चप्पल उलटी घातली ती तशीच. गेले, मशीन पुढून पाहिली, मागून पाहिली, वायर पाहिली. वायर टणक. मग भिंतीकडं नजर गेली. प्लग काढून, वायरची छान गुंडाळी करून खुंटीला लावला होता.

"प्लग काडलेला हाय की गं!"

"आं?" मनीषा आढ्याकडं बघत म्हणाली. "कसा काय निगाला?"

"हे कुनी शिकवलं तुला?"

ती पदराशी खेळली. मग म्हणाली, "आत्यांनी. त्या म्हनायच्या, आक्का चार दिस आली न्हाई की प्लग काडायचा आन् हाक मारायची. कामाबिगर ती येत न्हाई."

मी ओसरीवर बसले.

किती वेळा, कौसे? गव्हाच्या वेळी खरं होतं, या वायरीचं खरं होतं. मधल्या सगळ्या वेळी मी मागचं झाकण काढायची, धूळ झटकायची, धड असलेले स्क्रू पुन्हा आवळायची. तू म्हणायचीस, "खोला बिनघोर, लाईट मी काडून ठिवलीया," आणि मी तुला शहाणी म्हणायची. मग तू भिंतीपाशी जायचीस, आणि मशीन चालू व्हायची, आणि तू म्हणायचीस, "आक्का, तुमच्या हाताला गुन हाय!" मी बाई, तो गुण खरा धरून चालले. पुण्याच्या पोरांनाही फोनवर सांगितलं.

मला राग आला का? आला. आत्ताही आहे. भांडायला तू नाहीस, आणि मनीषाशी भांडावं तर ती अजून कच्ची आहे, आढ्याकडं बघते. तुझ्यासारखं डोळ्यात डोळे घालून खोटं बोलायला तिला वेळ लागेल. मी शिकवीन. तुझं ऋण मी मानणार नाही, तुला चढेल. पण तू केलंस ते बरं केलंस, एवढं लिहून ठेवते.

चहा झाला. मनीषानं केला, मी प्याले, आणि उठायचं कधी याचा विचार करायला लागले. तेवढ्यात ती म्हणाली, "बगा तर नीट फिरती का, आल्याच हाईत तर." पण धुणं सकाळीच उरकलेलं, दोरीवरचं सगळं वाळून घड्या झालेल्या. घरात ओलं काहीच नव्हतं. मनीषानं घडीतला एक टॉवेल काढला, बादलीत बुडवला आणि पाणी गळत असलेला तसाच माझ्या हातात दिला. मी तो भांड्यात गोल बसवला आणि झाकण लावलं.